संयोगिताक्का आणि शेवटचा एल्स

संयोगिताचा उजवा कान मोडलेला आहे. मातीत रगडून रगडून त्याचं कढईतून नुकतंच काढलेलं भजं झालं आहे. इतर गावांत बाईचा असा कान पाहून लोक हळहळतात. आमच्या कोल्हापुरात रिक्षावाला आरशातून तो कान बघतो आणि गाणं आपणहून बारीक करतो.

ती कुस्ती खेळायची तेव्हा समोरची पोरगी हात मिळवायच्या आधी देवाचं नाव घ्यायची. एका निवड चाचणीत तिचा खांदा निखळला. तिने तो खांबावर आपटून जागेवर बसवला, परत आखाड्यात उतरली आणि हरली. डॉक्टर म्हणाले, कुस्ती बंद. घरचे म्हणाले, लग्न. ती म्हणाली, कॉम्प्युटर. घरच्यांना वाटलं, बरं झालं, पोरगी शांत होईल. खुर्चीवर बसून कोण कुणाला मारतं?

या भाबड्या माणसांनी संयोगिताला प्रोग्राम दुरुस्त करताना पाहिलं नव्हतं. वाईट कोड समोर आला की ती आधी त्याच्याशी हळू आवाजात बोलते. मग तो लिहिणाऱ्याच्या वाडवडिलांशी जरा मोठ्या आवाजात बोलते. आणि मग टेबलावर अशी बुक्की हाणते की पलीकडच्या माणसाचा चहा बशीत येतो. तिच्या की-बोर्डाची एंटरची कळ कधी वर्ष काढत नाही. कोल्हापुरी पोरींसारखी तीही ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलते, आणि ती ‘मी बघतो’ म्हणाली की समोरचा खुर्ची थोडी मागे घेतो.

तर अशी ही संयोगिता शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत भाऊसोंच्या कारखान्यात संगणकाचं काम बघायला लागली. भाऊसोंचा धंदा लोखंड ठोकून घडवण्याचा. भट्टीत तुकडा लाल करायचा, सांडशीने धरून खालच्या साच्यावर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, की वरून हॅमर कोसळतो. हा हॅमर म्हणजे दुमजली घराएवढं धूड. तो पडला की जमीन दचकते, भिंतीवरचे भाऊसोंचे वडील फ्रेमसकट तिरके होतात, आणि रस्त्यापलीकडच्या कॅन्टीनमध्ये मिसळीवरचा कट हलतो. घडायच्या वस्तूला तिथे जॉब म्हणतात. कुणाला हलके ठोके लागतात, कुणाला दोन जोरात आणि एक अलगद. पूर्वी हे मिस्त्री ठरवायचा. नवा हॅमर आला तेव्हा ते प्रोग्रामवर गेलं.

प्रोग्राम लिहिला होता भाऊसोंच्या पुतण्याने, राजवीरने. राजवीर पुण्याला शिकून आलेला. गॉगल कायम डोक्यावर, डोळ्यांवर कधीच नाही. पोरगं वाईट नव्हतं. फक्त त्याला एकच डाव येत होता, आणि त्या डावाचं नाव इफ. जॉब गिअर असेल तर एवढ्या जोरात मार. नाही तर, हूक असेल तर तेवढ्या. नाही तर, बिजागरी असेल तर… असं करत करत खाली, विहिरीच्या पायऱ्यांसारखं. आणि ही विहीर एक नव्हती, पाच होत्या. जोर किती, ठोके किती, मध्ये दम किती, साच्याला तेल किती आणि थांबायचं कधी, प्रत्येकासाठी तीच शिडी नव्याने. नवा जॉब आला की पाचही ठिकाणी जाऊन एकेक इफ घुसवायचा.

आणि प्रत्येक विहिरीच्या तळाशी एक एल्स होता. म्हणजे वरच्यापैकी कुणीच नसेल तर काय करायचं ते. जोराच्या विहिरीतल्या एल्समध्ये लिहिलं होतं: पूर्ण ताकद.

हे राजवीरच्या मनातून आलेलं नव्हतं. त्याने पहिल्या आठवड्यातच जुन्या मिस्त्रीला विचारलं होतं, की अनोळखी लोखंड आलं तर काय करता? मिस्त्री म्हणाला, ‘पयला ठोका पुरा द्यायचा. आवाजावरनं कळतंय माल कसला हाय ते.’ शिरोलीतले जुने लोहारकामवाले असंच करत आले. पण मिस्त्री हा ठोका सगळ्यांना लांब उभं करून, साचा काढून नुसत्या ऐरणीवर द्यायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. राजवीरने मिस्त्रीचं वाक्य घेतलं. मिस्त्रीचे कान घ्यायचे राहिले.

संयोगिताने पहिल्या महिन्यातच हे सगळं वाचलं आणि थेट भाऊसोंच्या केबिनमध्ये गेली.

‘भाऊसो, ह्यो प्रोग्राम मारायला पायजे.’

‘चालालाय की गं चांगला!’

‘चालालाय न्हवं, त्याची खोड अजून कुणाला घावलेली न्हाय.’

‘बघू दिवाळीनंतर,’ भाऊसो म्हणाले. भाऊसोंच्या सगळ्या कामांना दिवाळीनंतरची तारीख असते. कुठल्या दिवाळीनंतरची, ते मात्र ते सांगत नाहीत.

मग एक नवा जॉब आला, ट्रॅक्टरचा कसलासा दांडा. राजवीरने चार विहिरींत इफ टाकले. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, म्हणून तो चहाला गेला, आणि पाचवी विहीर, जोराची, राहिली.

हॅमरवर गुंडू होता. गुंडू हातकणंगल्याचा. सांडशी धरावी तर गुंडूनेच, असं सगळा कारखाना म्हणायचा. त्याने लाल तुकडा साच्यावर ठेवला, पेडल दाबलं. प्रोग्राम पायऱ्या उतरत उतरत तळाला गेला, तिथे एल्स बसला होता, आणि हॅमर पूर्ण ताकदीने कोसळला. साचा फुटला. सांडशी उलटी फिरून गुंडूच्या बरगड्यांत बसली आणि त्याला ड्रमवर फेकून गेली. साच्याचा एक तुकडा गोफणीतून सुटावा तसा गेला, वाटेत गुंडूचा अर्धा डावा कान घेऊन, आणि पलीकडच्या पत्र्यात घुसला. सगळ्यांत आधी संयोगिता पोहोचली. तिने अंगातला ॲप्रन फाडून त्याच्या डोक्याला आवळला. रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं. गुंडू शुद्धीवर होता.

‘अक्का,’ तो म्हणाला, ‘तालमीत न जाता कान मोडला की गं माझा.’

‘गप पड, भाड्या,’ संयोगिता म्हणाली, आणि तिने गाठ आणखी आवळली.

दुसऱ्या दिवशी गुंडूची आई आली. धोंडुबाई. काष्ट्यातली, हाडकुळी बाई, हातात पायातलं पायताण. गेटवरच्या वॉचमनने ‘कोण पाहिजे’ विचारायच्या आत ती ऑफिसात होती.

‘परगरामवाला कोण हाय?’

सगळ्या ऑफिसने एकजुटीने राजवीरकडे बोट केलं. कारखान्यात इतकी एकी पूर्वी कधी दिसली नव्हती. धोंडुबाईने पहिलं पायताण राजवीरच्या खांद्यात हाणलं, दुसरं पाठीत, तिसऱ्याला गॉगल उडाला. पायताण अस्सल कोल्हापुरी, कातडी, तेल पाजलेलं. त्याचा आवाज हॅमरच्या खालोखाल. भाऊसो मध्ये पडायला धावले, त्यांना चौथं बसलं.

‘पोराचा कान कुठं हाय माझ्या? पयला कान द्या!’

कान कुणालाच सापडला नव्हता. ऐरणीखाली पडलेल्या लोखंडाच्या काळ्या खपल्यांत तो कुठे गेला ते लोखंडालाच माहीत. धोंडुबाई मग खाली गेली आणि ऐरणीभोवती वाकून वाकून खपल्या चिवडत बसली. तिला कुणी ऊठ म्हणालं नाही. संयोगिता तिच्याजवळ गुडघे टेकून बसली आणि तीही चिवडू लागली.

गुंडू टाके घेऊन, बरगड्या आवळून परत आला, कारण त्याला दुसरं काम येत नव्हतं. आल्या आल्या भाऊसोंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, बरगडीवर लागल्यामुळे तो ओरडला, आणि भाऊसो म्हणाले, ‘सोमवारी नवा जॉब हाय, मर्दा. आर्डर देणारं पुण्याचं पावणं येणार बघायला. सांडशी तूच धरायची. राजवीर, तेवढा इफ टाक. पाची ठिकाणी टाक ह्या टायमाला!’

‘टाकलाय, काका.’

गुंडू ‘बरं’ म्हणाला. पण हॅमरकडे बघताना त्याचा हात आपोआप डाव्या बाजूला, जिथे आता पट्टी होती तिथे जात होता. संयोगिताने ते बघितलं.

तिने जवळची खुर्ची उचलली आणि खांबावर घातली. खुर्ची लोखंडी होती, म्हणून ती मोडली नाही, नुसती नमस्कार केल्यासारखी दुमडली.

‘भाऊसो, तुमी तालमीत जात होता न्हवं?’

‘व्हय… म्हंजे ल्हानपणी.’

‘वस्ताद कुस्ती लावताना काय म्हणायचा?’

‘भिड म्हणायचा. आनी काय म्हणणार?’

‘“तू गुंडू असशील तर ढाक मार, न्हाय तर तू सयाजी असशील तर कलाजंग मार, आन् ह्यातला कुणीच नसशील तर समोरच्याचा गळा दाब,” असं म्हणत न्हवता?’

‘खुळी हायस काय? ज्याला त्याला ज्याचा त्याचा डाव म्हायती असतोय की!’

‘मग हॅमरच्या बोडक्यावर ह्यो राजवीर कशाला बसवलाय वस्ताद म्हणून? हॅमरनं निस्तं “भिड” म्हणायचं. गिअरला गिअरचा डाव म्हायती, हुकाला हुकाचा. जोर, ठोके, दम, तेल, थांबायचं कवा, समदं ज्याचं त्याच्यापाशी, एका जागी. पाचातलं एक जरी न्हाय आणलं, तर असला अर्धवट पैलवान संगणक मातीतच उतरू देत न्हाय.’

भाऊसोंना पटलं होतं. पण पटलं म्हणून ऐकायचं, ही सवय त्यांना नव्हती. ‘सोमवारनंतर,’ ते म्हणाले.

‘बरं,’ संयोगिता म्हणाली. ‘मग तालमीचीच रीत. ज्यानं नवा डाव काढला, त्यानं तो आधी आपल्या अंगावर घ्यायचा. वस्ताद पोरांस्नी शिकवायच्या आधी सोता पडतोय का न्हाय? सोमवारची वाट कशाला? जॉब हाय, भट्टी हाय. राजवीर, धर सांडशी.’

कोल्हापुरात या रीतीला नाही म्हणता येत नाही. पुढाऱ्यांना नाही म्हणतात, सासऱ्याला नाही म्हणतात, पण तालमीच्या रीतीला नाही म्हटलेला माणूस गल्लीतून मान वर करून फिरत नाही. भाऊसोंनी राजवीरकडे बघितलं. सगळा कारखाना गोळा झाला. राजवीरने ॲप्रन घातला, हेल्मेट घातलं, गॉगल यावेळी डोळ्यांवर घातला. गुंडू एका खोक्यावर बसून बघत होता.

लाल तुकडा साच्यावर आला. राजवीरने सांडशी धरली. पाय पेडलवर उचलला.

पाय वरच राहिला.

वर हॅमर लटकत होता, खाली लोखंड धुमसत होतं, आणि राजवीरच्या डोळ्यांपुढून त्याच्या पाची विहिरी पायरी पायरीने गेल्या. लालचं तांबूस झालं, तांबूसचं तपकिरी, तपकिरीचं राखाडी. लोखंड काळं पडलं आणि राजवीर पांढरा.

‘दाब की रं!’ भाऊसो ओरडले.

सांडशी राजवीरच्या हातातून पडली. ‘काका, मला न्हाय म्हायत. पाची ठिकाणी टाकलाय मी. पण अजून कुठं एकादी जागा आसंल… मला खरंच न्हाय म्हायत.’ आणि तो सगळ्यांदेखत रडायला लागला.

कुणी हसलं नाही. भाऊसोंनी पडलेली सांडशी उचलून खांबाला टेकवली. मग म्हणाले, ‘पुण्याच्या पावण्यास्नी फोन करतो. पुढच्या आठवड्यात या म्हणावं.’

त्या आठवड्यात संयोगिताने जे केलं त्याला प्रोग्राम सुधारणं म्हणणं फार सभ्यपणाचं होईल. ती कापाकापी होती. ती एकेक इफ मानगूट धरून बाहेर काढायची, ‘तू कोण? गिअर? जा तुझ्या घरात,’ म्हणायची आणि दाणकन एंटर मारायची. राजवीर शेजारी बसून होता. तसं तिनेच बसवलं होतं. गिअरचं एक घर झालं, हुकाचं एक, बिजागरीचं एक. प्रत्येकाच्या घरात त्याचा जोर, त्याचे ठोके, त्याचा दम. पाची विहिरी एकेक करून बुजल्या.

राहिला प्रोग्रामच्या दाराशी बसणारा दारवान. जॉबचं नाव ऐकून त्याचा पैलवान उभा करायचा, एवढंच त्याचं काम. प्रोग्रामवाले त्याला फॅक्टरी म्हणतात. हे ऐकून भाऊसो दोन दिवस अस्वस्थ होते. त्यांना वाटलं, ही पोरगी राजवीरला घेऊन दुसरा कारखाना काढते आहे. दारवानाचं काम संयोगिताने राजवीरवर सोपवलं आणि जेवायला गेली. परत येऊन बघते तर राजवीरने हुशारी केली होती. बुजवलेल्या विहिरींतले सगळे इफ वेचून त्याने दारवानाच्या खोलीत नीट रचून ठेवले होते. नाव गिअर असेल तर गिअर उभा कर, नाही तर हूक असेल तर…

संयोगिताने त्याची मान धरली आणि त्याचं नाक पडद्यापासून बोटभर अंतरावर नेलं.

‘ह्ये काय हाय?’

‘एकाच ठिकाणी हाय की, अक्का! पाचाचं एक केलं.’

‘आन् तळाला ह्यो कोण बसलाय? वळख सांग त्याची.’

तळाला एल्स होता. सवयीने, न विचारता, राजवीरच्या बोटांनी तो लिहून टाकला होता: यातलं काहीच नसेल तर गिअर उभा कर.

‘म्हंजे अनोळखी माणूस दारात आला की त्याला गिअर समजून ठोकायचं? त्यापरास तूच हॅमरखाली डोकं ठेव, मी पेडल दाबतो.’ तिने मान सोडली. राजवीर मान चोळत बसला. थोड्या वेळाने ती जरा मवाळ होऊन म्हणाली, ‘आखाड्यात नवा पैलवान कसा येतोय? आल्या आल्या सोता जाऊन नाव नोंदवतोय न्हवं? दारवानाला पाठांतर कशाला? प्रत्येक जॉबनं आपलं नाव आपण दारावर सांगायचं. ज्यानं सांगितलं न्हाय, त्याला दार बंद. हॅमर हलणार न्हाय.’

राजवीरने ते तसं केलं. शेवटचा एल्स पुसताना त्याने एकदा गुंडू बसतो त्या खोक्याकडे बघितलं.

चाचणीला भाऊसोंनी नारळ फोडला. पुण्याचे पाहुणे पांढऱ्या हेल्मेटांत एका बाजूला उभे होते. आणि ऐन वेळी सांडशीवरून मारामारी सुरू झाली.

‘डाव माझा, अंग माझं. मी धरतो,’ संयोगिता म्हणाली.

‘कान माझा गेलाय, अक्का! बघणार मी!’

‘सोड म्हणतो तुला.’

‘न्हाय सोडत.’

गुंडूच्या बरगड्या अजून कच्च्या होत्या आणि संयोगिताचा खांदा कायमचाच कच्चा. तरी दोघं सांडशीला धरून भट्टीपासून ऐरणीपर्यंत रगडत गेले. वाटेत तेलाचा डबा लवंडला. शेवटी तिने त्याचं मनगट अशा ठिकाणी पिळलं की त्याची बोटं आपोआप उघडली. पुण्याच्या पाहुण्यांपैकी एकाने हळूच विचारलं, हा प्रक्रियेचाच भाग आहे का? भाऊसो म्हणाले, ‘व्हय, पयली पायरी.’

संयोगिताने पहिला जॉब मुद्दाम असा निवडला होता, ज्याचं नाव दारवानाला कुणी सांगितलं नव्हतं. लाल तुकडा ठेवला. तिने पाय उचलला, आणि एकदम दाबला.

काही झालं नाही. वर हॅमर, खाली लोखंड, मध्ये संयोगिता. पडद्यावर ओळ आली: हा कोण? ओळख नाही. हाणणार नाही.

‘पडंना की!’ भाऊसो पाहुण्यांकडे बघत किंचाळले. ‘बिघडला काय?’

‘न्हाय पडणार.’

भाऊसोंना राहवेना. ते पुढे आले आणि त्यांनी स्वतः पेडलवर लाथ घातली. मग दोन्ही पायांनी उडी मारली. हॅमर हलला नाही. एवढं मोठं धूड, गावाला हलवणारं, त्या एका ओळीपुढे बांधलेल्या रेड्यासारखं उभं होतं. लोखंड थंड होत गेलं, आणि त्या शांततेत खोक्यावर बसलेल्या गुंडूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. तो हसतो आहे की रडतो आहे, हे कुणाला कळलं नाही, आणि कुणी विचारायला गेलं नाही.

मग तो उठला. संयोगिताच्या हातातून सांडशी घेतली. या वेळी तिने ती सोडली.

दुसरा तुकडा आला, राजवीरच्या हातून राहिलेला तोच जॉब. आता त्याने आपलं नाव दारावर सांगितलेलं होतं. गुंडूने पेडल दाबलं. हॅमर कोसळला. एक हलका, एक जोराचा, परत एक जोराचा, मध्ये हवा तेवढा दम, आणि शेवटचा अलगद, झोपलेल्या पोराला थोपटावं तसा. ठिणग्यांचा सडा उडाला. भाऊसोंचे वडील भिंतीवर तिरके झाले. गुंडूने जॉब उचलून बाजूला टाकला आणि मागे न बघता दुसरा घेतला, मग तिसरा. त्याचा हात आता एकदाही कानाकडे गेला नाही. पाठोपाठ ठोके पडत राहिले, जमीन दणाणत राहिली, आणि पाहुण्यांची पांढरी हेल्मेटं काळी होईस्तोवर तो थांबला नाही.

थांबला तेव्हा त्याने सांडशी नीट टेकवून ठेवली, हातमोजे काढले, खिशात घातले आणि सरळ राजवीरपाशी गेला. राजवीर हसत हात मिळवायला पुढे झाला. गुंडूने उघड्या हाताची अशी एक थोबाडीत दिली की राजवीर जागच्या जागी अर्धा फिरला आणि गॉगल पुन्हा एकदा उडाला.



‘कुठल्या कानात वाजालंय?’ गुंडूने विचारलं.

‘डाव्या,’ राजवीर कान धरून म्हणाला.

‘मग बरोबर हाय.’ गुंडूने खाली वाकून गॉगल उचलला, शर्टाला पुसला आणि राजवीरच्या डोळ्यांवर चढवला. ‘चल, च्या पिऊ. तूच सांगायचा.’

संयोगिता मात्र बरीच नाराज होती. पहिली थोबाडीत आपली होती, असं तिचं म्हणणं. ती अजूनही म्हणते. आता कारखान्यात नवा जॉब आला की पहिला तुकडा राजवीर स्वतः धरतो, न सांगता. पाय पेडलवर ठेवण्याआधी तो एकदा डावा कान चाचपून बघतो, आणि मग दाबतो.